मनमिळाऊ सोडून बोला

काकूंच्या घरात ‘चांगला’ या शब्दाला बंदी होती. भाजी चांगली झाली म्हटलं तरी चालायचं नाही. “चांगली म्हंजे कशी? तिखट, खमंग, आंबट? तोंडाले चव नसन तं तसं सांग,” असं म्हणून त्या वाढायचा डाव हवेतच धरून ठेवायच्या. आणि माणसाला कोणी चांगला म्हटलं की मग संपलंच. “चांगला म्हंजे तू त्याच्याकडे पायलंच नाही,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून राहिले, त्या काळात हे वाक्य इतक्यांदा ऐकलं, की अजूनही कोणी ‘चांगला’ म्हणालं की माझी मान आपोआप वळते, मागे काकू उभ्या आहेत की काय म्हणून.

मी मूळची बाळापूरची. अमरावतीला एका शिकवणी वर्गात गणित शिकवायची नोकरी लागली आणि राजापेठेच्या मागच्या गल्लीत खोली शोधत फिरत होते. काकूंच्या फाटकाला हात लावला तर ते असं किंचाळलं की चार घरांतली माणसं बाहेर आली. ओट्यावरून आवाज आला, “चोंबडं आहे थे. कोनी आलं गेलं की गल्लीभर सांगते. ये आत.”

खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला एक संत्रं दिलं. थंडीचे दिवस होते, ओसरीत टोपलीभर संत्री होती. मला वाटलं, पाहुणचार आहे. मी अंगठा घुसवून मधूनच फोडलं, रस त्यांच्या स्वच्छ टेबलावर उडाला, अर्धं त्यांच्यापुढे केलं आणि अर्धं खाऊन टाकलं. काकू माझ्या हातांकडे बघत होत्या.

“राग आला तं काय करते तू?”

“बोलून टाकते.”

“आन् मंग?”

“मंग काय? विसरते.”

“फटकळ,” काकू म्हणाल्या. “राय तू माझ्याकडे. वरची खोली झाडून ठेवली आहे.”

मला असा राग आला म्हणता! ओळख ना पाळख, आणि ही बाई मला फटकळ म्हणते. मी तिथल्या तिथे सुनावलंही, “तुमी सोताले काय समजता?” काकू खूश झाल्या. त्यांचा शब्द बरोबर निघाला होता ना!

त्या टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झाल्या होत्या. तरुणपणी कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांचे फोन जोडून द्यायच्या. “हॅलो म्हनायच्या आंधी माणूस श्वास कसा घेते, त्याच्यातच सारं समजते बाप्पा,” असं सांगायच्या. घाबरट माणूस आधी दम भरतो, उर्मट माणूस तुमचं बोलणं संपायच्या आत श्वास घेतो. खरं-खोटं देव जाणे. पण पाहुण्याने चप्पल कशी काढली, पाण्याचा गडू कुठे ठेवला, संत्रं कसं सोललं, एवढ्यावरून त्या माणसाला एकच शब्द द्यायच्या, आणि तो शब्द ब्लाऊजसारखा मापात बसायचा. ब्लाऊजची उपमा त्यांचीच. “ढिला शब्द घातला तं दुसऱ्याचा मागून आनल्यावानी दिसते,” म्हणायच्या.

जवळजवळचे शब्द वेगळे करून ठेवण्याची तर त्यांना हौसच होती. एकदा मी एका विद्यार्थ्याला हट्टी म्हटलं. काकू भाकरी थापता थापता थांबल्या. “हट्टी आहे का जिद्दी आहे का हेकट आहे? हट्टी दुसऱ्याले त्रास देते. जिद्दी सोताले देते. हेकट दोघायलेही देते आन् पदरात काईच पडत नाही.” दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या पोराकडे नीट बघितलं. जिद्दी होता. उगाच ओरडत होते मी त्याला.

अबोल आणि घुमा यांतही त्यांचा फरक होता. अबोल माणसापाशी बोलायला काही नसतं. घुम्यापाशी भरपूर असतं, पण तो देत नाही. भोळा फसतो, भाबड्याला फसल्याचं कळतही नाही. घरातल्या वस्तूही यातून सुटल्या नव्हत्या. नळ लहरी होता, कुकर आक्रस्ताळा, पंखा कुरकुऱ्या. गेलेल्या काकांच्या फोटोला हार घालताना त्या म्हणायच्या, “सोशिक होता माणूस. मले सोसलं.” एवढं बोलून लगेच स्वयंपाकघरात जायच्या, आणि थोडा वेळ आतून भांड्यांचा आवाज यायचा नाही.

गल्लीत आधी त्यांचा मोठा मान होता. कोणाकडे मुलगी दाखवायचा कार्यक्रम असला की काकूंना बसवायचे. पाहुणे गेले की घरचे त्यांच्याभोवती गोळा व्हायचे: काकू, कसा वाटला? काकू पदर सारखा करून एक शब्द टाकायच्या आणि निघायच्या.

मग समोरच्या ताईंच्या मुलीला स्थळ आलं. मुलगा दिसायला देखणा, नोकरी पक्की, ताई तर हवेत. चहा चालू असताना मुलीचा फोन वाजला, तिने तो बंद केला. मुलाने हसत विचारलं, कोणाचा होता? ती म्हणाली, मैत्रिणीचा. पोहे संपता संपता त्याने पुन्हा विचारलं, कोणती मैत्रीण? आणि डोळे मुलीच्या तोंडावरून हलेनात. ताईंना कुठला धीर! पाहुणे बसलेले असतानाच त्यांनी काकूंच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, “कसा वाटला?” काकूंना कुजबुजणं कधी जमलंच नाही. भरल्या बैठकीत त्या म्हणाल्या, “संशयी.”

पाहुणे उठून गेले. ताई त्या दिवसापासून काकूंशी बोलेनात. म्हणाल्या, या बाईनं माझ्या पोरीचं सोनं मातीत घातलं. हळूहळू बाकीच्या बायांनीही धास्ती घेतली. ज्यांच्या घरात लग्नाच्या पोरी होत्या त्या काकूंना टाळू लागल्या. मी एकदा म्हटलं, “काकू, जाऊन माफी मागून टाका ना.” तर म्हणाल्या, “तिनं शब्द मांगतला, मी दिला. आता वापस कसा घेऊ?”

संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. काका गेल्यावरही गल्लीत काकूंना दर वर्षी बोलावणं असायचं. काकूंनी जांभळी इरकल इस्त्री करून नेसली, अंबाड्यात फूल माळलं आणि ओट्यावर बसल्या. समोर ताईंच्या दारात बायका येत होत्या, जात होत्या, वाण घेऊन हसत बाहेर पडत होत्या. काकूंना बोलावणं नव्हतं. दिवेलागणीला त्या उठल्या, साडी घडी करून कपाटात ठेवली आणि मला म्हणाल्या, “चाल, भूक लागली.” त्या दिवशी मी गल्लीतल्या एकूण एक बाईशी भांडायला तयार होते. काकूंनीच हात धरून जेवायला बसवलं.

आता माझं सांगते. माझी दोन स्थळं ‘मुलीले तोंड लय आहे’ म्हणून परत गेली होती. आईने माझा बायोडाटा व्हॉट्सॲपवर फिरवला होता, त्यात स्वभावापुढे लिहिलं होतं: शांत, मनमिळाऊ. तो वाचून काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. “मनमिळाऊ! अवं, साऱ्याच पोट्ट्या मनमिळाऊ, सारेच पोट्टे मनमिळाऊ. मंग घराघरांत भांडून कोन राहिलं?”

तिसरं स्थळ अकोल्याचं होतं. मुलाचं नाव मंगेश, बियाणं-खताचं दुकान. बाळापूरला बघायला आला तेव्हा आईने घाबरून पोह्यांत दोनदा मीठ घातलं होतं. त्याने मुकाट्याने बशी संपवली आणि फक्त पाणी मागितलं. मला तो आवडला. सरळ सांगते, फार आवडला. हे स्थळ हातचं जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं, आणि आता एकच पायरी राहिली होती: चौकशी.

आपल्याकडे ती कशी होते ते काय सांगायचं! मुलाकडचे लोक न सांगता मुलीच्या गल्लीत येतात. किराण्याच्या दुकानात काडेपेटी घेता घेता विचारतात, इस्त्रीवाल्याला विचारतात, शेजारणीला पाणी मागतात. न सांगता म्हणायचं, पण कोणत्या रविवारी येणार हे मुलीकडच्यांना आठवडाभर आधी कळलेलं असतं. आईला कळलं आणि ती धास्तावली. कारण चौकशीला येणारा माणूस घरमालकिणीला विचारल्याशिवाय जाणार नाही, आणि आमची घरमालकीण म्हणजे काकू.

आई आदल्या दिवशीच अमरावतीत हजर झाली. तिने काय केलं असेल? काकूंची भाची वलगावला दिलेली होती. तिला फोन करून सांगितलं, मावशीला उद्या हुरड्याला बोलाव. काकूंचा जीव हुरड्यावर. रविवारी त्या कानटोपी घालून, हातात पिशवी घेऊन सकाळीच निघाल्या. त्यांच्या मागे आई गल्लीभर फिरली आणि दारोदार पढवून आली: माझी पोरगी शांत आहे, मनमिळाऊ आहे, एवढंच सांगा बाप्पा, तुमचे उपकार होतील. समोरच्या ताई तर आनंदाने तयार झाल्या.

“आई, हा भैताडपणा आहे, निव्वळ येडेपणा,” मी म्हटलं.

“तू चूप बस. आजच्या दिवस तरी चूप बस माय!”

दुपारी मंगेशची आत्या आणि मामा आले. मंगेश कोपऱ्यावर गाडीत बसून राहिला होता. मुलाने चौकशीला यायचं नसतं. आत्यांनी किराणावाल्या भाऊंना विचारलं. ते म्हणाले, शांत आहे, मनमिळाऊ आहे. इस्त्रीवाला म्हणाला, शांत आहे, मनमिळाऊ आहे. ताई म्हणाल्या, लय शांत, लय मनमिळाऊ. पुढच्या दारातली म्हातारी तर प्रश्न विचारायच्या आधीच म्हणाली.

आत्या काही कालच्या नव्हत्या. त्या आमच्या ओसरीत येऊन बसल्या आणि आईच्या हातचं पाणी न पिता म्हणाल्या, “बाई, गल्लीत फिरून आलो आमी. साऱ्यायच्या तोंडात एकच वाक्य, आंधी शांत, मंग मनमिळाऊ. शाळेतली कविता म्हनून राहिले जसे. पोरीत काई खोट असल्याबिगर असं कोनी पढवत नाही. आमी निघतो.”

आईचा चेहरा पांढरा पडला. मी आत दाराआड उभी राहून ऐकत होते. दोन स्थळं माझ्या तोंडामुळे गेली होती. हे तिसरं, मला हवं असलेलं, माझ्या शांतपणामुळे चाललं होतं.

इतक्यात फाटक किंचाळलं.

दारात काकू. टोपी डोक्यावर, पिशवी हातात, तोंड आंबट. “निबर झाला हुरडा. दातात अटकते नुसता. भाचीही धांदरट, आंधी पाहावं ना कणीस!” मग पाहुण्यांकडे लक्ष गेलं. “कोन म्हनावं?”

आत्यांनी एकदा त्यांच्याकडे नीट बघितलं. “तुमी घरमालकीण? मंग तुमीच सांगा, पोट्टी कशी आहे?”

आत्यांच्या पाठीमागे आईने दोन्ही हात जोडले. काकूंना ते दिसलं. त्यांनी टोपी काढली, खुर्ची ओढली, संत्र्यांची टोपली पाहुण्यांपुढे सरकवली आणि विचारलं, “बाकीच्यायनं काय सांगतलं?”

“शांत आहे, मनमिळाऊ आहे.”

“शांत? हे? माय वं!” काकूंनी कपाळाला हात लावला. “फटकळ आहे पोट्टी.”

आई खाली बसली. मामांनी आत्यांकडे पाहिलं.

“पन आयका,” काकू पुढे सरसावल्या. “भांडकुदळ म्हनू नका. भांडकुदळ बाई भांडन हुडकत जाते. हे हुडकत नाही, वाटेत आलं तं सोडत नाही, बस. आन् खुनशी तं बिलकूल नाही. अवो भाऊ, इकडे या!” किराणावाले भाऊ फाटकाबाहेर घुटमळतच होते. “तुमच्या दुकानातल्या डाळीत किडे निंघाले तवा हिनं काय केलं?”

भाऊंनी मान खाजवली. “माझ्या डाळीत नव्हते, काकूच्या डाळीत… म्हंजे मीच देल्ली होती काकूले. मॅडमनं दुकानात येऊन चार गिऱ्हाइकांसमोर झाडलं मले.”

“आन् मंग?”

“मंग… सायंकाळी माझ्या पोराले गणित शिकवाले आल्या. मी तोंड लपवून बसलो होतो, त्यायच्या ध्यानातही नव्हतं.”

“अस्सं!” काकूंनी टेबलावर थाप मारली. “पोटात कालचं आज ठेवत नाही. वागन्यात म्हना, बोलन्यात म्हना, जे आहे थे वरतीच आहे. घ्यायची तं फटकळ म्हनून घ्या, नाई तं उठा. पन शांत म्हनून घेऊन जासान आन् मंग फसलो म्हनून बोंबलत येसान, तं मी फाटक उघडनार नाही.”

मग काकूंनी बोट वर केलं. “आता तुमचा पोट्टा. एक शब्द. चांगला म्हनायचं नाही.”

“आमचा मंगेश ना,” आत्या झटकन म्हणाल्या, “एकदम मनमिळ…” आणि जीभ चावून गप्प झाल्या. मामा भिंतीकडे तोंड करून हसत होते.

“बोलवा त्याले. कोपऱ्यावर अकोल्याच्या नंबरच्या गाडीत बसला आहे ना? मी येता येता पायला.”

मंगेश आला. त्याला संत्रं मिळालं. त्याने साल अख्खी काढली, एकेका फोडीवरचा एकेक धागा काढला, साफ केलेल्या फोडी सालीवर नीट मांडल्या आणि आत्यांपुढे धरल्या. आत्या मामांशी बोलण्यात गुंतलेल्या, त्यांचं लक्षच गेलं नाही. मंगेशने थोडा वेळ वाट पाहिली, संत्रं टेबलावर ठेवून दिलं आणि खिडकीबाहेर बघत बसला. एक फोडही खाल्ली नाही. काकू हे सगळं बघत होत्या. आणि दाराआडून मीही.

“काय रे बाबू,” काकू हळूच म्हणाल्या, “तूच सांग. कसा आहे तू?”

त्याने खिडकीबाहेरची नजर काकूंकडे वळवली. मग म्हणाला, “मी रुसका हाओ.”

“मंगेश!” आत्या ओरडल्या.

“खरं सांगून राहिलो आत्या. मले राग नाही येत, मी रुसतो. मंग बोलत नाही कोनाशी. तुले तं माहीत आहे.”

माझ्याच्याने राहवेना. मी दाराआडून बाहेर आले, आईच्या डोळ्यांकडे न बघता, आणि सगळ्यांसमोर विचारलं, “सांगून रुसता, की मलेच ओळखा लागन?”

त्याने मान वर केली. “सांगून रुसलो असतो तं कायले रुसलो असतो?”

मी जी हसत सुटले ती सुटलेच. तोही हसला. मामा हसले, भाऊ फाटकाशी हसले, आणि आत्यांनी पदर तोंडाला लावला तो काढेचनात. काकूंनी मात्र न्यायाधीशासारखा निकाल दिला: “जमते. याचं आत राहते, हिचं बाहेर पडते. दोघंही रुसके असते तं घर मुकं झालं असतं. दोघंही फटकळ असते तं गल्लीले कानात बोळे घालून झोपा लागलं असतं.”

आत्यांनी मंगेशने ठेवून दिलेलं संत्रं उचललं, एक फोड स्वतः खाल्ली आणि एक माझ्या हातात दिली. “पसंत आहे आमाले. आन् काकू, तुमी अकोल्याले आमच्या गल्लीत राहाले या. तिथं साऱ्यायचंच मनमिळाऊ चालू आहे.”

हे सगळं समोरच्या ओट्यावरून ताई बघत होत्या.

लग्न बाळापूरला झालं. काकू पहिल्या रांगेत. उखाण्याची वेळ आली तेव्हा आईने मला एक देवादिकांचा उखाणा पाठ करून दिला होता. मी माईक हातात घेतला आणि म्हटलं,

“पऱ्हाटीले फुटला कापूस, काळीभोर माती,
मी फटकळ, मंगेशराव रुसके, तरी जुळली नाती.”

मांडव नुसता दणाणला. आईने डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला. काकू उठून उभ्या राहिल्या आणि इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की बँडवाल्याला वाटलं, आपल्याला इशारा आहे. त्याने वाजवायलाच सुरुवात केली.

त्या गोंधळात समोरच्या ताई रांगा ओलांडून आल्या आणि काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. मी स्टेजवरून बघत होते. त्या देखण्या मुलाचं एव्हाना दुसरीकडे लग्न झालं होतं, आणि त्याच्या बायकोचा फोन तोच उचलतो, तिच्या माहेरचाही, ही बातमी गल्लीत येऊन पोचली होती. दोघींचं बोलणं मला तेव्हा ऐकू आलं नाही. काकूंनी नंतर सांगितलं.

“काकू, पोरीले एक स्थळ आलं आहे. येत्या रविवारी पाहाले येनार. तुमी बसा.”

“मी खरं सांगीन.”

“खरं आयकासाठीच बोलावून राहिली ना काकू. आन् चुकलं माझं.”

“तुमी चुकल्या नाही. तुमी उतावळ्या आहा,” काकू म्हणाल्या, “थे वेगळं.”

त्या रविवारी मी आणि मंगेश अकोल्याहून मुद्दाम गेलो. काकूंनी जांभळी इरकल नेसली होती, तीच, कडक इस्त्रीची. अंबाड्यात फूल, हातात संत्र्यांची पिशवी. त्यांनी फाटक उघडलं आणि ते चोंबडं असं किंचाळलं की गल्लीतलं एकही दार बंद राहिलं नाही. हळदीकुंकवाला ज्यांनी नजर चुकवली होती त्या सगळ्या जणी आपापल्या ओट्यावर उभ्या. समोर पायरीवर ताई कुंकवाचा करंडा घेऊन वाट बघत होत्या. काकू सावकाश चालत गेल्या, कपाळ पुढे केलं, कुंकू लावून घेतलं. मग मागे वळून सगळ्या ओट्यांवरून नजर फिरवली.

“पाहून काय राहिल्या वं?” त्या मोठ्यांदा म्हणाल्या. “ज्यायले ज्यायले शब्द पायजे, त्यायनं रांगेत या. एकेकीनं!”

आणि खरंच आल्या की हो! मंगेशने माझ्या कानाशी विचारलं, काकूंसाठी कोणता शब्द गं? मी खूप शोधला. परखड म्हणावं तर माया फार, मायाळू म्हणावं तर जीभ फार. शेवटी म्हटलं, जाऊ दे, आपणही रांगेत उभं राहू आणि त्यांनाच विचारू.